खालचा फुटवा

सदऱ्याची बाही काट्यात अडकली आणि ती सोडवायला मी वाकलो, एवढंच झालं. सायकल फाटकाबाहेर काढून ठेवली होती, लष्कराच्या डेपोचा भोंगा व्हायच्या बेतात होता, आणि डब्यातली आमटी पिशवीत सांडते आहे हा माझा रोजचा संशय रोजच्यासारखाच मनात होता. काटा निघेना म्हणून मी दुसऱ्या हातानं फांदी धरली आणि धरता धरता पानं मोजली. मोजायची नव्हती. जिना चढताना पायऱ्या मोजल्या जातात तशी मोजली गेली. एका देठावर सात. शेजारचा देठ पाहिला, सात. तिसरा पाहायची गरज नव्हती, तरी पाहिला. कलमी गुलाबाच्या देठावर बहुतेक पाच पानं असतात. ज्या जंगली खुंटावर आपण कलम करतो त्या जंगलीला सात. गुलाबाचा नाद लागलेल्या माणसाला हे पहिल्याच आठवड्यात कळतं आणि मग जन्मभर विसरायची सोय राहत नाही. मी बाही ओढली. टर्रकन आवाज झाला. आत विमल भांडी घासत होती, तिनं विचारलं, "काय फाटलं हो?" मी म्हणालो, काही नाही, आणि सायकलवर बसलो.

तो गुलाब राहीचा. राही म्हणजे माझी मुलगी, एकुलती एक; मला अण्णा म्हणायची. गेल्या माघात मुदतीच्या तापानं गेली. मॅट्रिकला बसायची होती. अंथरूण धरण्याच्या थोडे दिवस आधी तिनं भिंतीकडेच्या जंगली खुंटावर स्वतःच्या हातानं डोळा भरला होता. डोळा भरणं म्हणजे काही मोठं शास्त्र नाही. चांगल्या गुलाबाच्या काडीवरचा, पानाच्या बगलेतला कोंब सालीसकट अलगद कापून घ्यायचा, खुंटाच्या सालीला चीर देऊन ती किंचित उचलायची, कोंब आत सरकवायचा आणि वरून पट्टी बांधायची. साल सालीला चिकटली तर जंगलीच्या मुळांवर आपला गुलाब वाढतो. नाही चिकटली तर डोळा वाळतो. आणि खुंटाला त्याचं काय, तो पट्टीच्या खालून स्वतःचा फुटवा काढतो आणि माजतो; गुलाबवाला असा फुटवा दिसताक्षणी कापून टाकतो. आता ते झाड माझ्या छातीला लागलं आहे. आमच्या क्वार्टरांच्या ओळीतली माणसं जाता-येता म्हणतात, राहीचा गुलाब काय फोफावलाय. शेजारची छबूबाई तर एकदा त्याच्यापुढं हात जोडून उभी राहिली. पाऊस लागोपाठ दुसऱ्या वर्षी चुकलेला, अख्ख्या भिंगारात नळाला करंगळीएवढी धार, आणि विमल स्वतःच्या आंघोळीतला तांब्या वाचवून त्या झाडाच्या बुडाशी ओतते. आणि त्या झाडात राहीचं काहीही नाही. तिनं भरलेला डोळा कधीच वाळून गेलेला. वाढलं आहे ते सगळं जंगली.

डेपोत दिवसभर मी चुका केल्या. बुटांच्या जोड्या ब्लँकेटांच्या रकान्यात लिहिल्या. मला राग आला होता, आणि तो कुणावर ते दुपारपर्यंत समजेना. मग समजलं की स्वतःच्या नजरेवर. लोकांना वाटतं, दुःखानं माणसाचा नाद सुटतो म्हणजे ती वस्तू पाहिली की त्याला रडू येतं. माझं तसं काही झालं नव्हतं. राहीचे दिवस उरकले, पाहुणे पांगले, आणि एका सकाळी मी अंगणात उभा राहिलो, तर माझे सगळे गुलाब आपापल्या कुंडीत उभे होते आणि मला त्यांचं काहीसुद्धा वाटलं नाही. मेथीच्या जुडीकडे पाहावं तसं मी त्यांच्याकडे पाहिलं. ज्यांच्यासाठी मी थंडीत पहाटे उठायचो, ज्यांच्यावरून विमलशी अबोले धरले, ज्यांची नावं मला मेव्हण्यांच्या नावांपेक्षा जास्त पाठ होती, ते म्हणजे काटे असलेली झुडपं, बस. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. माझी खोड दुसऱ्याच्या मरणानं गेली. मी पाणी घालायचं सोडलं. पुढं दुष्काळच पडला, त्यामुळं कुणी काही विचारलं नाही. माणसांना प्यायला नाही तिथं गुलाब कुठले, असं जो तो आपणहून म्हणाला. दुष्काळ माझ्या मदतीला आला असं म्हणायची लाज वाटते, पण आला. कुंड्या एकामागून एक वाळल्या आणि मी त्या फाटकामागे रचून ठेवल्या. राहीच्या झाडाला मात्र विमलनं मरू दिलं नाही, आणि मीही त्याच्याकडे कधी पाहिलं नाही. फाटकातून आत-बाहेर करताना मान पलीकडे वळवायची सवय लागली होती.

आणि आता ही नजर परत आली होती, न विचारता, चपला न काढता घरात शिरणाऱ्या पाहुण्यासारखी. टेबलाशी बसलो होतो तरी ती कामाला लागली होती. डोळा का वाळला असेल? चीर खोल गेली का? की थंडीनं साल धरून बसली होती आणि पोरीनं जोरानं उचलली? पट्टी आवळून बांधली असणार. राहीचा हात तसा जड, वेणीसुद्धा ती अशी आवळायची की कपाळ ताणलं जायचं. इथवर विचार आला आणि मी लेखणी खाली ठेवली. गेलेल्या मुलीच्या हाताची मी चूक काढत होतो. तिच्या आठवणीनं इतक्या महिन्यांत मला कधी असं गाठलं नव्हतं, आणि वाईट वाटत होतं ते तिच्यासाठी की फसलेल्या डोळ्यासाठी, हे मला माझ्याशीसुद्धा ठरवता येईना.

विमलला सांगायला पाहिजे होतं. सरळ माणसानं त्याच संध्याकाळी सांगितलं असतं. पण सांगायचं म्हणजे नुसतं झाडाबद्दल नव्हतं. दवाखान्यात राहीचा ताप चढत-उतरत होता तेव्हा विमल एकदा आंघोळीपुरती घरी आली होती. राहीनं खुंटाचा शेंडा छाटून ठेवला होता, त्यामुळं भिंतीशी नुसती एक बोडकी काडी आणि तिच्यावर पट्टी. आणि त्या काडीला विमलला हिरवागार कोंब दिसला. ती तशीच ओल्या केसांनी दवाखान्यात परत आली. मी तेव्हा औषधांच्या खिडकीशी उभा होतो. परत खाटेपाशी आलो तर राही भिंतीकडे तोंड करून पडलेली आणि विमलचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळलेला. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "तिला सांगितलं, तुझा डोळा फुटला म्हून. हसली हो ती." त्यानंतर राही फार बोललीच नाही. तेव्हा विमलच्या गाठीला एवढं एकच पुण्य होतं, की जाताना लेकीला तिनं एक चांगली बातमी दिली. नात्यातल्या प्रत्येक बाईला तिनं ते सांगितलं होतं. घोडेगावला माहेरी गेली तेव्हा तिथंही सांगितलं. आणि आता मी, घरातला गुलाबाचा मोठा जाणकार, तिला सांगणार होतो की बाई, तो कोंब जंगली होता.

मी मूग गिळून बसलो. पण झाड गप्प बसणार नव्हतं. चैत्रात जंगलीला फुलं येतात, झुबकेच्या झुबके, बोराएवढी, पांढुरकी. विमल शेंदरी फुलाची वाट पाहत होती, तळहाताएवढ्या. राहीनं तिला तसंच सांगून ठेवलं होतं. फुलं आली की मी न सांगताही सगळं उघडं पडणार, आणि तेसुद्धा सगळ्या ओळीच्या देखत. रोज सकाळी ती तांब्या घेऊन वाकायची, पाणी बेतानं सोडायची, आणि मी खिडकीतून पाहायचो की या पाण्यानं पांढरी फुलं जवळ येत आहेत. झाड मारून टाकावं असंही मनात आलं; एक बादली मिठाचं पाणी, की काम झालं. ते ज्या थंडपणानं मनात आलं त्याची मला भीती वाटली. रात्री जेवताना विमल म्हणाली, "आवंदा फूल येईल, न्हाई का वं?" मी भाकरीचा घास हातात धरून म्हणालो, "येईल की." दुसरं काय म्हणणार होतो.

मग एका रविवारी मी भिमाजींकडे गेलो. भिमाजी पलटणीतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, बाजाराच्या मागं राहतात. गुलाबाच्या नादातले माझे जुने सोबती आणि जुने वैरीही. प्रदर्शनात आमची दरवर्षी जुंपायची. राहीनं भरलेला डोळा त्यांच्याच शेंदरी गुलाबाचा. मला फाटकात पाहून ते खाटेवरून उठले नाहीत, पण हातातली विडी विझवली.

"लई दिसांनी वाट चुकलास, गहिनीनाथ."

"काडी पाहिजे होती. शेंदरीची."

"शेंदरीची?" त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "पोरीचा डोळा तर धरला म्हनत्यात. आमची मानसं बघून आली. लई वाढलाय म्हनं."

मी फाटक्या बाहीला विमलनं घातलेल्या टाक्यांवरून बोट फिरवत राहिलो.

"खालून फुटला का?" भिमाजी हळू म्हणाले. गुलाबवाला माणूस हा प्रश्न सगळ्यात आधी विचारतो. पट्टीच्या वरून फुटला तर आपला, खालून फुटला तर जंगली. त्यापुढं विचारायला काही उरत नाही. मी मान हलवली.

"वहिनींना ठावं न्हाई."

"नाही."

ते उठले. त्यांचं अंगणही माझ्यासारखंच ओस झालं होतं, सगळीकडं वाळक्या काड्या; एकच झाड हिरवं होतं, त्याच्याभोवती पोत्यांचा ओला थर. "समदी मेली. म्या म्हनलं, येक तरी ऱ्हाऊ दे," ते जणू माफी मागत म्हणाले. काडी कापून, ओल्या फडक्यात गुंडाळून त्यांनी माझ्या हातात दिली. "आजच भर. आन् हे बघ, येगळं काय मनात आनू नगंस. डोळा भरनं हे काय पाप न्हाई." मला पाप वगैरे काही वाटत नव्हतं. मला घाई झाली होती. सायकल चालवताना माझे हात शिवशिवत होते, काडी वाळेल या धास्तीनं मी पेडल मारत होतो, आणि किती महिन्यांनी मला कशाची तरी घाई झाली आहे हे ध्यानात येऊनही मी वेग कमी केला नाही.

विमल बाजाराला गेली होती. फळीवरच्या डब्यातून चाकू काढला, गंजलेला. चुलीजवळच्या दगडावर घासला. झाडाच्या भिंतीकडच्या बाजूला, जिथं सहज कुणाची नजर जाणार नाही, तिथं मी एक जाड जंगली फांदी निवडली आणि तिच्या बुडाशी बसलो. पहिली चीर वेडीवाकडी गेली. दुसरी बरोबर बसली. साल उचलली तशी आत ती ओली, पांढुरकी चकाकी दिसली आणि कच्चा हिरवा वास आला, आणि माझं सगळं अंग त्या नखभर जागेत गोळा झालं. भिंगार नव्हतं, डेपो नव्हता, दुष्काळ नव्हता. डोळा आत सरकला, गुळगुळीत, पेटीच्या खणासारखा. पट्टी बांधताना मला कुणीतरी शीळ घालत असल्याचं ऐकू आलं, आणि ती मीच घालत होतो. मी गप्प झालो. आजूबाजूला पाहिलं. चोरी करताना धरला गेलेला माणूस असाच पाहत असेल. मुलीच्या नावानं उभं राहिलेलं झाड मी गुपचूप बदलत होतो, बायकोला फसवत होतो, आणि मला बरं वाटत होतं. मला फार बरं वाटत होतं. हे मी कुणाला सांगणार?

त्यानंतरचे दिवस मी अगदी निर्लज्जासारखे काढले. सकाळी उठलो की आधी झाडापाशी. संध्याकाळी सायकल टेकवली की झाडापाशी. विमलनं ते पाहिलं, आणि तिनं जो अर्थ लावायचा तो लावला. छबूबाईला सांगताना मी ऐकलं: "आता जरा मानसात आल्यात. तिच्या झाडाजवळ बसत्यात." त्या दिवशी तिनं माझ्यासाठी धपाटे केले, दही कुठून तरी मागून आणलं. मी ते खाल्ले. घशात अडकले नाहीत, हेच वाईट. अडकायला पाहिजे होते. रात्री अंथरुणावर पडलो की राहीचा चेहरा आणायचा मी प्रयत्न करायचो, आणि मधेच डोळ्यावरची पट्टी आडवी यायची. ऊन लागतं का, पाणी तर मुरत नाही ना. नाद नव्हता तेव्हा मी निदान शोक करणारा बाप तरी होतो. आता मी काय होतो? पण सोडवत नव्हतं. नाद गेला तेव्हा मला विचारून गेला नव्हता, आणि आला तोही माझ्या परवानगीनं आला नव्हता. मला काय हवं आहे, हे विचारायला कुणी थांबतच नव्हतं.

डोळा भरताना त्याच्या खालच्या पानाचा देठ थोडा ठेवतात. डोळा धरला की नाही हे तोच सांगतो. काही दिवसांनी त्याला बोट लावायचं. सुकून तिथंच चिकटून बसला तर डोळा गेला. नुसत्या स्पर्शानं आपसूक गळून पडला तर डोळा जिवंत आहे, त्यानं देठ स्वतःहून टाकला. त्या सकाळी मी बोट पुढं केलं. टेकवलं असंही म्हणता येणार नाही. देठ पिवळा झालेला होता, तो टप्पदिशी मातीत पडला, आणि त्याच्या वर डोळा होता, टपोरा, हिरवा.

"राही, बघ, पडला!" मी ओरडलो.

मोठ्यानं ओरडलो. स्वयंपाकघरात असलेल्या माणसाला हाक मारावी तसा. आवाज भिंतीवर आपटून परत आला तेव्हा तो माझा आहे हे मला कळलं, आणि आत भाकरी थापायचा आवाज थांबला. मी तसाच उकिडवा बसून राहिलो. उठून कुठं जाणार? विमल बाहेर आली. हाताला पीठ. मला वाटलं, आता ती रडेल, किंवा मला धरून आत नेईल, माणसं वेडी झाली की नेतात तसं. ती झाडाला वळसा घालून भिंतीकडच्या बाजूला आली आणि माझ्या शेजारी बसली.

"मला दाखवा," ती म्हणाली. "तिला दाखवनार हुतात ते मला दाखवा."

मी दाखवलं. हे बघ, इथं देठ होता, तो पडला, म्हणजे साल सालीला चिकटली, म्हणजे आतून रस चालू झाला. मी भराभरा बोलत होतो, प्रदर्शनात बोलायचो तसा. तिनं पीठ लागलेलं बोट डोळ्याजवळ नेलं, लावलं नाही.

"ह्यो तिचा?"

हो म्हणायचं होतं. एवढ्याचसाठी तर सगळं केलं होतं. पण तोंड उघडलं आणि तोंडातून गुलाबवाला बोलला. "नाही. तिचा वाळला. हा माझा."

मग सगळंच सांगितलं, सात पानांपासून भिमाजींपर्यंत. ती छातीएवढ्या त्या झाडाकडं खालून वर पाहत राहिली. "म्हंजी ह्ये समदं जंगली," ती म्हणाली. मी मान हलवली. "आन् म्या तिला सांगितलं..."

"तुला काय माहीत असणार, विमल. हिरवं दिसलं, तू सांगितलंस."

"तसं न्हाई." ती आठवत होती, कपाळाला आठ्या घालून. "तिनं इचारलं हुतं मला. डोळं मिटूनच इचारलं. म्हनली, आई, कुठून फुटला गं, पट्टीच्या वरून का खालून? म्या म्हनलं, खालून, पार मातीपासून, आन् चांगला जाड हाय. तवा जरा येळ गप ऱ्हायली. मग हसली. म्हनली, आई, त्याला रोज पानी घालीत जा. आन् अण्णांना कापू दिऊ नगंस."

मी मातीकडं पाहत होतो. आता डोळा धरला होता. तो जगवायचा तर त्याच्या वरची ही सगळी जंगली फांदी, आज ना उद्या, कापायला लागणार होती. आणि तापानं फणफणलेल्या माझ्या पोरीनं, तिथं पडल्या पडल्या, एका शब्दावरून सगळं ओळखून, नेमकं तेवढंच करू नका म्हणून सांगून ठेवलं होतं. तिच्या आईसाठी. मला ते तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी मी काय करू शकलो असतो.

"तिला कळलं आसंल का वं?" विमलनं विचारलं.

"तिला?" मी म्हणालो. "तिला सगळं येत होतं."

विमल किती तरी वेळ त्या फांदीला धरून बसली. पीठ पानांना लागलं. मग तिचे ओठ हलले. ती रडते आहे की हसते आहे हे मला त्या बाजूनं दिसेना.

"लबाड," ती म्हणाली. "लबाड पोरगी. आईला फसवून गेली की वं."